निगेटिव्हवरचे उभे पट्टे : होरायझन २०२ आणि वाइडलक्स एफ७ यांच्या दुरुस्तीच्या नोंदी

९ जून २०२४

होरायझन २०२ टेबलावर आला, फिरत्या लेन्सचा, रुंद फोटो काढणारा फिल्मचा कॅमेरा. मावसभावाचा आहे. तो गडांवर भटकतो आणि हा कॅमेरा त्याने सेकंडहँड घेतलाय. तक्रार त्याच्याच शब्दांत : "दादा, आकाश बघ, पडद्याला चुण्या पडाव्यात तसं दिसतंय." पालखी दिवेघाट चढेल त्याच्या आत हवाय म्हणे. बघू.

लेन्स पुसून घे, फिल्म जुनी असेल, असे दोन सल्ले त्याला मिळाले होते. लेन्सवरच्या डागाने किंवा बुरशीने फोटो मऊ पडतो, चमक पसरते. जुन्या फिल्मवर धुकं येतं, दाणा वाढतो. सरळ उभे, कडेला समांतर पट्टे या दोन्हींमुळे येत नाहीत. ते यंत्रातूनच येतात.

हा कॅमेरा ज्यांनी हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेन्स एका उभ्या ड्रममध्ये बसवलेली असते आणि ड्रमच्या मागच्या बाजूला एक उभी फट असते. फिल्म सपाट नसते, ड्रमभोवती कमानीसारखी वाकवलेली असते. बटण दाबलं की चावी दिलेली स्प्रिंग ड्रम फिरवते आणि फट फिल्मवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते. म्हणजे इथे शटर वेगळं नाहीच, ड्रमचं फिरणं हेच शटर. फिल्मच्या एखाद्या बिंदूवर किती वेळ प्रकाश पडला हे फटीची रुंदी आणि त्या क्षणीचा ड्रमचा वेग, या दोनच गोष्टींवर ठरतं. ड्रम कुठे अडखळला तर नेमकं तिथलंच चित्र जास्त उजळतं. साध्या कॅमेऱ्याचं शटर थोडं मंद चाललं तर सगळा फोटो सारखाच उजळतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे प्रत्येक अडखळण फिल्मवर लिहिली जाते, जागेसकट.

म्हणूनच आज एकही स्क्रू सोडवलेला नाही. आधी त्याच्याकडच्या निगेटिव्ह मागवल्या.

१२ जून

निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून डोळ्याला घड्याळवाल्यांचं भिंग लावून पाहिल्या. पट्टे दोन जातींचे आहेत.

पहिला एकच आणि रुंद, फोटोच्या डाव्या कडेपासून साधारण ७ मिलिमीटरपर्यंत पसरलेला. निगेटिव्हवर तो दाट आहे, म्हणजे तिथे प्रकाश जास्त पडला, म्हणजे ड्रम तिथे हळू होता. हा सगळ्याच वेगांवर दिसतो. दुसरे बारीक, फिके, सारख्या अंतरावरचे, एकमेकांपासून सुमारे ३.४ मिमी. हे फक्त संथ वेगांवर येतात.

आता हिशोब. लेन्स २८ मिमीची, दृष्टीचा कोन १२० अंश. फिल्मची कमान लेन्सच्या नाभीय अंतराएवढ्या त्रिज्येची असते, म्हणून कमानीची लांबी २८ × २.०९ = ५८.६ मिमी. निगेटिव्ह २४ × ५८ मिमीची आहे, जुळलं. यावरून फिल्मवरचा १ अंश म्हणजे ०.४९ मिमी. म्हणजे रुंद पट्टा ड्रमच्या पहिल्या १४ अंशांतला, आणि बारीक पट्टे ड्रम दर ७ अंश फिरला की एकदा.

२०२ ला सहा वेग आहेत : १/२, १/४, १/८ आणि १/६०, १/१२५, १/२५०. प्रत्यक्षात ड्रमचे वेग दोनच, संथ आणि जलद. बाकीचा फरक फट रुंद-अरुंद करून साधलेला आहे, दर वेळी दुप्पट. बारीक पट्टे फक्त संथ गटात येतात, तेव्हा दोष ड्रमला रोखून धरणाऱ्या गिअरांच्या साखळीत असला पाहिजे. रुंद पट्टा दोन्ही गटांत आहे, म्हणजे तिथे ड्रम स्वतःच जड सुटतोय : बेअरिंग, सुकलेलं ग्रीस, नाहीतर फिल्म ड्रमला घासतेय. कॅमेरा न उघडता निम्मं निदान झालं.

एक सावधगिरी. लेन्सपासून फिल्मकडे जाताना चित्र उलटं होतं. फोटोतली डावी बाजू कॅमेऱ्याच्या मागून पाहिलं तर फिल्म-गेटच्या (फिल्म ज्या चौकटीत प्रकाशासमोर येते तिच्या) उजव्या अंगाला पडते. हे विसरलं की माणूस चुकीच्या टोकाला घाण शोधत बसतो.

१५ जून

पुण्यात जूनच्या मध्यावर जे पांढुरकं, एकसारखं ढगाळ आकाश असतं ते या चाचणीसाठी फुकटात मिळालेला लाइट बॉक्सच. गच्चीवर जाऊन आयएसओ १०० ला १/८ आणि एफ/१६, मग १/२५० आणि एफ/४. प्रत्येक फ्रेम एकदा सरळ आणि एकदा कॅमेरा उलटा धरून. उलटा धरायचं कारण असं की आकाश कुठेच खरोखर एकसारखं नसतं. कॅमेरा उलटल्यावर पट्टा दृश्याच्या त्याच बाजूला राहिला तर तो आकाशाचा, कॅमेऱ्याबरोबर बाजू बदलली तर कॅमेऱ्याचा. इथे दोन्ही जातींच्या पट्ट्यांनी बाजू बदलली.

रोल सुकेपर्यंत रिकामा कॅमेरा मागून उघडा ठेवून चालवला आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण केलं. फटीतून येणारी प्रकाशाची रेघ सरकताना दिसते. सुरुवातीला रेघ रेंगाळते आणि मग धावते. बघायला मजा येते, पण जलद वेगावर हाती फारच थोड्या फ्रेम लागतात, मोजमापाला ते पुरत नाही. १/२ वरचा आवाज फोनवर टिपून संगणकावर त्याची लहर पाहिली. सलग गुरगुर अपेक्षित होती. मध्येमध्ये एकसारख्या अंतरावर ठोका दिसतोय.

१६ जून

काल रात्री सुचलेली युक्ती आज करून पाहिली. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेला भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्यूबलाइटखाली काढलेल्या फिरत्या लेन्सच्या फोटोंवर कधीकधी नियमित पट्टे येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/८ सेकंदात असे डझनभर हेलकावे येऊन जातात, सरासरी होते, काही दिसत नाही. पण १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि एक हेलकावा १० मिलिसेकंदांचा. फट पुढे सरकत असताना ट्यूब मिणमिणत राहते आणि फिल्मवर उजेड-अंधाराच्या रेघा उमटतात.

हा उपद्रव म्हणजे खरं तर आयती मोजपट्टी. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ड्रमने बरोबर १० मिलिसेकंदांत कापलेलं अंतर. अंतर कमी तिथे ड्रम हळू, अंतर वाढलं तिथे जलद. शिवाय फटीची रुंदी मोजता आली तर त्या जागचा खरा शटर-वेगही मिळतो : फटीची रुंदी भागिले रेघांमधलं अंतर, गुणिले १० मिलिसेकंद. १/२५० बरोबर चालत असेल तर हा भागाकार ०.४ आला पाहिजे. यंत्र नाही, सेन्सर नाही, माळ्यावर पडलेली ट्यूबलाइटची जुनी पट्टी आणि चोक एवढ्यावर काम होतं. आजकालचे बरेच एलईडी दिवे इथे उपयोगाचे नाहीत, त्यांचा ड्रायव्हर बरा असेल तर ते फडफडतच नाहीत. दिवा फडफडतो की नाही हे फोनच्या स्लो-मोशनवर लगेच कळतं.

मांडणी : पांढरी चादर टेबलाभोवती अर्धवर्तुळात टांगली, म्हणजे १२० अंशांत पांढऱ्याखेरीज काही नको. वर दोन ट्यूब, दोन्ही एकाच फेजवर, नाहीतर एकीचा अंधार दुसरी भरून काढते. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म १६०० ला पुश केली (म्हणजे कमी उजेडात काढून जास्त वेळ धुतली), एफ/२.८, १/२५०.

निगेटिव्हवर रेघा स्वच्छ आल्या. डाव्या टोकाला त्या दाटीवाटीने आहेत, पुढे सुट्या होत जातात, मधल्या भागापासून शेवटपर्यंत जवळपास सारख्या. फटीची रुंदी कॅमेरा उघडल्यावर मोजेन.

१९ जून

उघडला.

पहिला नियम, चावी उतरवून घ्यायची. म्हणजे शटर मारून ड्रम विसाव्याच्या जागी आणायचा आणि मगच स्क्रूला हात लावायचा. ताणलेल्या स्प्रिंगसकट उघडलेला कॅमेरा हातात काय काय सोडेल सांगता येत नाही. दुसरा नियम, निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत त्याच्याच जागी चिकटपट्टीने लावायचा. दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की आतल्या चाकाला टेकतो.

या मॉडेलचं बाहेरचं अंग प्लास्टिकचं आहे. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या त्याच केएमझेड कारखान्यातला १९६७ ते १९७३ दरम्यानचा जुना होरिझोंट धातूचा होता. त्याच्या स्क्रूवरचा सुकलेला लाखेचा थेंब ॲसिटोनने सैल करता येतो. इथे ॲसिटोनची बाटली खोलीतसुद्धा नको. एक थेंब कव्हरवर पडला तर कायमचा चट्टा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लायटर फ्लुइड, बस्स.

आत काय सापडलं? ड्रमच्या खालच्या बेअरिंगपाशी तपकिरी, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस. त्यावर पूर्वी कुणीतरी पातळ स्प्रे तेल मारलेलं, आणि त्या तेलाने गोळा केलेली धूळ. पातळ तेलाने जुनं ग्रीस विरघळत नाही, ते फक्त भिजतं आणि नको तिथे पसरतं. दोन आठवडे कॅमेरा छान चालतो, मग पहिल्यापेक्षा वाईट. असे स्प्रे गंजलेल्या बिजागऱ्यांसाठी ठीक आहेत.

रोखणाऱ्या गिअरांच्या साखळीत एका पिनियनच्या (छोट्या दातेरी चाकाच्या) दातांत फिल्मचा तुकडा अडकलेला दिसला. काठावरच्या छिद्राच्या कडेचा त्रिकोणी टवका, नखाच्या कोपऱ्याएवढा. खात्री करून घ्यायची म्हणून पिनियनवर मार्करने ठिपका दिला, ड्रम हाताने हळूच ७० अंश फिरवला आणि फेऱ्या मोजल्या. दहा. म्हणजे दर ७ अंशांना एक फेरी, निगेटिव्हवरच्या ३.४ मिमीशी तंतोतंत. टवका चिमट्याने काढून डबीत ठेवला, मालकाला दाखवायला.

फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजली आणि १६ तारखेच्या रेघांशी ताळा केला. डाव्या टोकाला भागाकार ०.५६, म्हणजे १/२५० च्या जागी साधारण १/१८०. मध्यभागी ०.४२, म्हणजे १/२४० च्या आसपास. एकाच फोटोत जवळपास अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आकाशात दिसणारच.

लेन्सला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. ड्रम फिरत असताना चित्र फिल्मवर स्थिर राहतं, कारण फिरण्याचा अक्ष लेन्सच्या मागच्या नोडल बिंदूतून जातो. लेन्स किंचित पुढे-मागे बसली तर फट सरकत असताना चित्रही सरकतं आणि सगळे फोटो आडवे फराटल्यासारखे होतात. वर फोकस बिघडतो तो वेगळाच. बुरशी असेल तर पुढची-मागची काच बाहेरून पुसावी आणि तिथेच थांबावं.

२३ जून

सफाई. टूथपिकचं टोक ठेचून त्याचा कुंचला केला. कापसाच्या काड्या टाळल्या, त्यांचे धागे दातांत राहतात. लायटर फ्लुइडने तीन हात, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्यायचं. वाळल्यावर ड्रम फुंकरीनेही हलायला लागला, यावरून आधीचा जडपणा किती होता ते कळावं.

वंगणाबद्दल गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, एकदा चावी दिली, कानाला लावला.

"हे घड्याळच आहे की हो. फक्त घाईचं."

"काका, तेल किती घालू?"

"घालायचं नसतं, ठेवायचं असतं. सुईच्या टोकावर राहील तेवढं. आणि दातांना नाही हं, फक्त खुंटांना. दात कोरडेच चालू देत."

त्यांच्याच बाटलीतलं घड्याळाचं तेल वापरलं, खुंटांच्या, म्हणजे चाकांच्या आसांच्या, टोकांवर फक्त. ड्रमच्या मोठ्या बेअरिंगला अगदी पातळ हात दिलेलं हलकं सिंथेटिक ग्रीस. ड्रमच्या बाहेरच्या पृष्ठभागाला काहीही नाही. तिथलं तेल प्रकाशरोधक कापडात शिरतं आणि तिथून फिल्मवर.

स्प्रिंगचा ताण वाढवून सुरुवातीचा पट्टा घालवायचा मोह होतो. तसं करू नये. ताण वाढवला तर सगळेच वेग पुढे सरकतात, आणि ड्रम शेवटच्या अडसरावर जोरात आपटून परततो, मग उजव्या टोकाला नवा पट्टा. मुळात या जातीच्या कॅमेऱ्यांची अडचणच ही आहे की ड्रम थांबलेल्या स्थितीतून सुटतो आणि वेग धरायला त्याला फार थोडी जागा मिळते. ड्रेस्डेनच्या नोब्लेक्स कॅमेरेवाल्यांनी यावर सरळ उपाय केला : मोटर लावली आणि ड्रमला पूर्ण फेरी मारायला लावली. पहिल्या अर्ध्या फेरीत फक्त वेग धरायचा, चित्र दुसऱ्या अर्ध्यात. मोबदल्यात बॅटरी आणि सर्किट आलं. ते बिघडलं तर माझ्यासारख्याचं काम नाही.

२५ जून

ट्यूबची चाचणी पुन्हा. डाव्या टोकाला ०.४४, मध्ये ०.४१, उजवीकडे ०.४१. सुरुवातीचा थोडासा आळस राहिलाय, तो रचनेतलाच मानतो. गच्चीवर १/८ ला काढलेल्या आकाशात बारीक पट्टे नाहीत.

२७ जून

प्रकाशगळती. जुन्या निगेटिव्हवर काही फ्रेमच्या टोकाला, नेहमी एकाच जागी, एक काळी उभी रेघ होती. ही पट्ट्यांपेक्षा वेगळी, हिच्या कडा धारदार आहेत आणि ती फ्रेमबाहेर छिद्रांपर्यंत जाते. उन्हात कॅमेरा गळ्यात लटकत असताना विसाव्यातल्या ड्रमच्या कडेने उजेड झिरपतो, त्याचं हे लक्षण.

आत छोटी एलईडी टॉर्च ठेवून पाठ बंद केली, न्हाणीघरात अंधार करून पुढून पाहिलं. ड्रमच्या एका कडेला वरपासून मध्यापर्यंत केसाएवढी उजेडाची रेघ. तिथलं कापड झिजून टक्कल पडलंय.

तुळशीबागेतून काळी मखमली रिबीन आणली. जाडीला इथे फार महत्त्व आहे. जाड मखमल उजेड अडवते, पण ड्रमला ब्रेकही लावते, आणि मग २३ तारखेची सगळी मेहनत वाया. सर्वांत पातळ निवडली, दोन मिलिमीटरची पट्टी कापली, लव ड्रमच्या फिरण्याच्या दिशेला झुकेल अशी बसवली. चिकटवायला कॉन्टॅक्ट सिमेंट, दोन्हीकडे पातळ थर, वाळू देऊन मग दाबायचं. मागच्या दाराच्या खाचेत काळी लोकर.

टॉर्च लावून पाहिलं, अंधार. ट्यूबखाली पाहिलं, वेगात फरक नाही.

२९ जून

मावसभाऊ आला. टवक्याची डबी दाखवली. "हा तुझ्याच फिल्मचा." कसा आला ते त्याच्याकडून फिल्म भरून घेतल्यावर लगेच समजलं. फिल्म-गेटच्या दोन्ही बाजूंना एकेक रूळ आहे आणि फिल्म त्या दोन्हींच्या खालून जावी लागते. तो उजवीकडच्या रुळावरून नेत होता. फिल्म कमानीला चिकटून न राहता मध्ये फुगते, फोकस जातो, ड्रमला घासते, ओढताना छिद्रं फाटतात आणि टवके आत पडतात. या मॉडेलचे अर्धे यांत्रिक आजार इथून सुरू होतात असं माझं मत आहे.

फ्रेम एकमेकांवर चढतात अशीही त्याची तक्रार होती. ५८ मिमीच्या चित्राला १२ छिद्रं अपुरी (१२ × ४.७५ = ५७), म्हणून दर चावीला १३ छिद्रं सरकली पाहिजेत, ६१.७५ मिमी. जुनी, वाया घालवायची फिल्म भरून, पाठ उघडी ठेवून, मार्करने खुणा करत मोजलं : दर वेळी १३. यंत्र ठीक आहे. फाटलेली छिद्रं दातांवरून निसटत होती, एवढंच. ३६ च्या रोलवर २२ फोटो मिळतात. तेविसावा मिळवायला शेवटी जोर लावायचा नाही. चावी अडली की रोल संपला.

"दादा, मग आता वारीला नेऊ ना?"

"ने. पण पाऊस आला तर पिशवीत. आणि पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर असल्याशिवाय बटण दाबू नकोस." कॅमेरा वर-खाली झुकला की क्षितिज धनुष्यासारखं वाकतं. ते कुठल्याच मेकॅनिकला दुरुस्त करता येत नाही.

६ जुलै

दिवेघाटाचा रोल धुवून आला. आकाश स्वच्छ, एकही पट्टा नाही. वळणावळणांनी चढत गेलेली वारी एका फ्रेममध्ये मावलीय, डावीकडचं वळण आणि उजवीकडचं वळण दोन्ही. भगव्या पताकांची रांग ५८ मिलिमीटरमध्ये.

जवळून काढलेल्या दोन फोटोंवर मावसभाऊ खट्टू होता : काही वारकरी रुंद, काही अगदी काडीसारखे. हा दोष नाही. फट ज्या दिशेने दृश्य टिपत जाते त्याच दिशेने कुणी चाललं तर तो फटीबरोबर राहतो आणि ताणला जातो. समोरून येणारा आखडतो. संथ गटात हे फार जाणवतं. चालत्या माणसांसाठी १/२५० च घ्यायचा.

१४ जुलै

नवीन पाहुणा. वाइडलक्स एफ७, एका निवृत्त छायाचित्रकार काकांचा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून कधीकाळी घेतलेला. जपानच्या पॅनन कंपनीचा, २६ मिमी लेन्स, अंग धातूचं, हातात घेतल्यावर वजन कळतं. अभिनेता जेफ ब्रिजेस चित्रीकरणाच्या सेटवर वाइडलक्स वापरतो, त्यामुळे या कॅमेऱ्याला जरा तारांकित वलय आहे आणि किमतीलाही.

वेग तीनच : १/१५, १/१२५, १/२५०. तक्रार अशी की १/१५ ला ड्रम मध्येच थांबतो. काका बोटाने ढकलून पुढे नेत होते. ते आजपासून बंद करायला सांगितलं. ढकललेल्या ड्रमचा जोर थेट सर्वांत बारीक चाकाच्या दातांवर जातो.

१८ जुलै

स्क्रू जपानी मापाचे. बाजारातला नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं चिरडतं. दोन स्क्रू आधीच चिरडलेले आहेत. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकांचा संच लागतोच, टापकीर गल्लीत विचारून ठेवलंय.

इथे फट कायम तेवढीच राहते आणि वेग ड्रमच्या गतीने बदलतो. ट्यूबच्या चाचणीत ते लगेच दिसतं : १/२५० ला रेघा ठसठशीत आणि दूरदूर, १/१२५ ला निम्म्या अंतरावर आणि फिक्या, कारण ८ मिलिसेकंदांत १० पैकी बहुतेक हेलकावा झाकला जातो. दोन्ही वेगांवर अंतर डावीकडून उजवीकडे सारखं आहे. कॅमेरा तब्येतीने चांगला, आजार फक्त संथ वेगाच्या साखळीत.

२८ जुलै

उघडला, धुतला, खुंटांना तेल ठेवलं. १/१५ आता पूर्ण फिरतो. पण ढगाळ आकाशाच्या फोटोत एक पट्टा उरलाय, सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा येणारा, फिका पण हट्टी. भिंगाखाली कारण दिसलं : साखळीतल्या एका चाकाचा एक दात वाकलेला, शेजारच्याची कड खचलेली.

दात सरळ करायचा प्रयत्न करणार नाही. इतक्या बारीक पितळी दाताला वाकवून परत आणलं की तो मुळाशी तुटतो, आणि तुटलेला दात फिरत्या साखळीत गेला तर चांगली चाकंही जातात. नवं चाक कापून घ्यायला भोसरीत दोघांना विचारलं. एवढ्या लहान मॉड्यूलचं (दातांच्या मापाचं) एकच चाक कुणी घेत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. मेलेल्या वाइडलक्समधून चाक काढणं हा एकच मार्ग आहे. तसा एखादा मिळेपर्यंत थांबायचं.

३ ऑगस्ट

काकांना फोनवर सगळं सांगितलं. ते हसले. "अरे, १/१५ मी आयुष्यात किती वेळा वापरला असेल! बाकीचे दोन चालतायत ना? दे मग परत."

कॅमेरा घरी पोचवताना तळाला कागदाची चिठ्ठी लावली : १/१५ वापरू नये, एका चाकाचा दात वाकलेला आहे. आत आणखी एक चिठ्ठी, पुढच्या मेकॅनिकसाठी : कुठल्या खुंटांना तेल दिलं, कुठल्या तारखेला, आणि चिरडलेले दोन स्क्रू कुठले. सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा. पावसाळ्यात ड्रमची चावी उतरवून ठेवायची, महिन्यातून एकदा तिन्ही नाही, दोनच वेगांवर रिकामा चालवायचा.

मावसभावाचा होरायझन दिवाळीनंतर ट्यूबखाली पुन्हा तपासायचाय. मखमल दबल्यावर ड्रमच्या वेगात काही फरक पडतो का, ते त्याच रेघांवर बघायचं. चोकवाली पट्टी तोवर फेकायची नाही असं घरात सांगून ठेवलंय.